फुकटची गाडी आणि कुलपातला विरंगुळा

म्हातारं माणूस किती दिवस धड राहणार, हे आमच्या भागात गाडीवर ठरतं. गाडी वेळेला आली तर ते बाजाराला जातं, दवाखान्यात जातं, चार माणसांत बसून भांडून येतं. नाही आली तर घरातल्या घरात वाळतं. हे मी कुठं वाचलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीतही मी मास्तरांच्या म्हशीमागेच जास्त होतो. पण निम्मं आयुष्य मी वडापची जीप चालवली. तेव्हा मला कुणी शिकवायला येऊ नये.

दिवाळी अंकवाले म्हणाले, "नाना, धंद्यातल्या गमती लिहा." गमती लिहितो. शुद्धलेखन त्यांनी बघावं, पण राग खोडू नये. तो माझा आहे.

पुण्या-मुंबईच्या लोकांना वडाप माहीत नसेल. जिथं एसटीची लाल गाडी जात नाही किंवा दिवसातून एखाद्या वेळी जाते, तिथं फाट्यापासून गावापर्यंत आणि गावापासून तालुक्यापर्यंत जी जीप सीटवर माणसं नेते, ते वडाप. जिपा नंबराने लागतात. पहिली भरल्याशिवाय दुसरीत कुणी बसायचं नाही, आणि भरल्याशिवाय जीप हलवायची नाही. "निघाली, निघाली" म्हणून इंजिन चालू करायचं, गिऱ्हाईक घाईनं आत बसलं की बंद करायचं. भरली म्हणजे किती, तर दार लागेल तितकी. मागं दोघं-तिघं लोंबकळले तर ती ड्रायव्हरची हुशारी. पोलीस आम्हाला 'अवैध वाहतूक' म्हणायचे. असू दे. पण बोरखडीच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणारं त्या रस्त्याला वैध असं काय होतं, ते एकदा त्यांनी मला दाखवायला पाहिजे होतं.

बोरखडी म्हणजे आमचं गाव. सांगली जिल्ह्याचा पूर्वेचा कोरडा पट्टा. इस्लामपूर-कराडकडं उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, आमच्याकडं मेंढरं अडवतात. गावाला लागूनच गोरडमाळ ही धनगरांची वस्ती. तरणी पोरं सोन्याचांदीच्या गलाईला परमुलखात, कुणी कोईमतूरला, कुणी केरळात. दागिन्यांचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, हा आमच्या भागाचा धंदा. पोरांनी घरं चांगली बांधली. घरात राहतात म्हातारी माणसं.

जीपची पायरी उंच असते. म्हाताऱ्या बाया गुडघ्यावर हात देऊन "इठ्ठला" म्हणत चढायच्या, मागून कुणीतरी ढकलायचं. मला ते बघवेना. मी एक जाड पाट करून घेतला आणि सीटखाली ठेवला. म्हातारं माणूस आलं की खाली उतरायचं, पाट मांडायचा. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, "नान्याच्या जीपला पंगत बसतीया." बसू दे. माझी जीप सगळ्यात आधी भरायची.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक तात्या दर बाजाराला तालुक्याला यायचे आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. मी विचारलं, "तात्या, काय आणलं?" तर म्हणाले, "बातम्या." सुभेदार आप्पा हे पलटणीतून सुटून आलेले. काच पुसल्याशिवाय जीपमध्ये पाय ठेवायचे नाहीत. बसले की मागं वळून "नफरी किती?" म्हणजे माणसं किती, असं विचारायचे, आणि जास्त भरली असली की मला उतरवून झापायचे. आणि गोरडमाळची बनाक्का. ती एकदा कोकरू मांडीवर घेऊन बसली. मी म्हणालो, "आक्का, कोकराचं तिकीट?"

"त्याला सीट दिलीस व्हय रं?"

"न्हाई."

"मग त्येनं तुला पैसं कशाला द्यायचं? उलट त्येच्या केसांनी तुजी सीट गरम केली, तूच दे."

सगळी जीप हसली. कोकराचे पैसे बुडाले.

मग सरकारनं लाल गाडी पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट केली आणि बायकांना अर्ध्या तिकिटात. चांगलं केलं. मी आजही चांगलंच म्हणतो. पण त्या दिवसापासून बनाक्का माझ्या जीपकडं बघेना. गाडी थांबते त्या लिंबाखाली गठुळं घेऊन बसायची. मी जीप थांबवली की तोंड फिरवायची.

"आक्का, चल की. गाडीला अजून लय वेळ हाय."

"जा तू. सरकारनं मला न्यायचं ठरीवलंय. माज्या हक्काची गाडी सोडून तुज्या खटाऱ्यात कशाला बसू?"

आणि गाडी आली की गळ्यातल्या पिशवीतनं आधार कार्ड काढून कंडक्टरपुढं असं धरायची, की सुभेदार आप्पांनी पदकसुद्धा तसं कधी धरलं नसेल. तिच्या त्या ऐटीचा मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. जन्मभर मेंढरांमागं चालून पाय झिजवलेल्या बाईला कुणीतरी बसायला जागा देतंय, तेही हात न पसरता. हे काही थोडं नाही.

जीप मात्र भरेना. आमच्या रस्त्याच्या जिपा एकेक करून बंद झाल्या. माझी सगळ्यात शेवटी. ती मी भंगारात दिली. पाट ठेवून घेतला.

आता गंमत ऐका. वडाप बंद झालं, आणि मग गाडी बंद झाली. आधी दुपारची गेली. मग सकाळची. शेवटी मुक्कामी गेली. गाडी बंद झाल्याचं कुणी सांगत नाही गड्या. ती येत नाही, एवढंच होतं. माणसं चार दिवस लिंबाखाली बसतात, पाचव्या दिवशी बसत नाहीत, की डेपोवाला म्हणतो, बघा, प्रवासीच नाहीत.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, आणि सकाळी तीच गाडी तालुक्याला जाते. म्हाताऱ्यांचा सगळा जीव या गाडीत. सकाळी दवाखान्याच्या रांगेत पुढचा नंबर मिळतो, आणि संध्याकाळी तीच गाडी घरी आणून सोडते. ती गेल्यावर उरला फाटा. पायी जायचा, तोही उन्हातनं. फाट्यावर रस्ता चौपदरी सिमेंटचा झालाय, आणि कुणाच्या तरी निधीतनं झकास निवारा बांधलाय. लोखंडी बाकडं, वर मोठा फोटो. पण गाडी निवाऱ्यापाशी थांबत नाही. दुभाजक जिथं तुटलाय तिथं थांबते, लांब पुढं, भर उन्हात. सावलीत बसलं तर गाडी चुकते आणि गाडी धरायची तर चक्कर येते. हे ज्यानं आखलं त्याच्या आईला एकदा तिथं उभं करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

याच दिवसांत बनाक्काच्या डोळ्यांचं जुनं दुखणं पुढं आलं. काचबिंदू. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, थेंब रोज घालायचे आणि दर महिन्याला येऊन डोळ्यांचा दाब तपासायचा. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. गाडी होती तोवर आक्का महिन्याच्या महिन्याला जायची. गाडी गेल्यावर एकदा फाट्यापर्यंत चालत गेली. निवाऱ्यात टेकली तेवढ्यात गाडी पुढनं निघून गेली. दुसऱ्या वेळी एका पोरानं मोटरसायकलवर घेतलं, तर ओढ्याच्या उतारावर दोघं पडली. मग मी एकाचा टेम्पो मागून दोनदा तिला नेऊन आणलं. तिसऱ्या महिन्याला टेम्पो दारात नेला तर ही उंबऱ्यात बसून.

"मी येत न्हाई."

"का?"

"का म्हंजी? दर महिन्याला तू कुणाच्या तरी दारात जायचं, त्येनं तोंड वाकडं करायचं, आन मी मागं पोत्यावानी बसायचं. माज्या हक्काची गाडी हाय. ती आण, येते."

"आक्का, डोळं जातील!"

"जाऊंदेत. मी भिकारीण न्हवं."

सुभेदार आप्पा एकटेच जाऊन थेंबांची बाटली मागायला लागले, तर बाईंनी एकदा दिली आणि बजावलं, दाब बघितल्याशिवाय थेंब देऊन उपयोग नाही, पेशंटला आणा. आक्काचा मुलगा बिरू कोईमतूरला. तो फोनवर रोज एकच सांगायचा, "आई, इकडं ये." आक्का एकदा राहून आली होती. चौथा मजला, खाली उतरलं की कुणाचं बोलणं समजत नाही. मला म्हणाली होती, "नाना, तितं मी भिंतीसंगं बोलायची. भिंत बी तिकडचीच, उत्तर देईना."

म्हणजे गाडी आली तर आक्का माळावर, नाहीतर चौथ्या मजल्यावर भिंतीपुढं. एवढा सरळ हिशेब होता.

म्हणून मी आणि सुभेदार आप्पा डेपोत गेलो. आक्काला टेम्पोत घातलं. दवाखान्याला येत नव्हती, पण भांडायला म्हटल्यावर लगेच चढली. जाता जाता दवाखाना करू म्हणालो तर म्हणाली, "टेंपूतनं न्हाई. गाडीतनं जायीन." हट्टात ती माझ्यावर ताण.

कंट्रोलर साहेब भला माणूस होता, पण टेकीला आलेला.

"आजोबा, गाड्या नाहीत. ड्रायव्हर नाहीत. मी कुठनं आणू?"

"आजोबा घरातल्या आजोबाला म्हना," मी म्हणालो. "आमची मुक्कामी का बंद केली ते सांगा."

"उत्पन्न नाही हो त्या फेरीला. सगळे फुकटवाले बसतात."

सुभेदार आप्पांनी टेबलावर काठी आपटली. "फुकट आमी मागितलं व्हतं का? तुमी दिलं. आन दिल्यावर फुकटं म्हनून हिणवताय? हे म्हंजी जेवायला बोलवायचं आन ताट वाढल्यावर खादाड म्हनायचं!"

कंट्रोलरनं काठी बाजूला सारली. मग हळू आवाजात बोलला. "खरं सांगू? वरनं मला मुक्काम बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या गावचा मुक्काम कुणी घ्यायलाच तयार नाही."

"का?"

"माणसं झोपायची कुठं? तुम्ही देवळाला कुलूप लावलंय."

 ते खरं होतं. पूर्वी गाडी आली की ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या सभामंडपात पथारी टाकायचे. भाकरी पाळीनं एकेका घरातनं जायची. सणाला पुरणपोळी जायची. मग देवळाचा जीर्णोद्धार झाला. ग्रॅनाइट आलं, स्टीलचं दार आलं, आणि विश्वस्तांनी ठराव केला की बाहेरची माणसं तंबाखू थुंकतात, सबब रात्री कुलूप. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच डास मारत झोपायला लागले. त्याहून वाईट पुढं. गावाच्या वेशीला 'हागणदारीमुक्त गाव' असा बोर्ड. एका पहाटे कंडक्टर डबा घेऊन ओढ्याकडं निघाला तर गावातल्या चार शहाण्यांनी शिट्ट्या वाजवून त्याला परत फिरवला. संडास दिला का? नाही. शिट्टी दिली. त्यानंतर बोरखडीचं नाव काढलं की डेपोतली माणसं आजारी पडायची.

"एक खोली, एक पंखा, पाणी आणि संडास द्या," कंट्रोलर म्हणाला. "चावी ड्रायव्हरच्या हातात. मुक्काम लावायचं मी बघतो."

जाताना माझा राग सरकारवर होता. येताना तो टेम्पोत माझ्या शेजारी बसून गावात आला.

खोली गावात होती. पंखा होता, संडासही होता. योजनेतनं बांधलेली इमारत, दारावर पाटी, 'ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र'. उद्‌घाटनाला आम्हा ज्येष्ठांना फेटे बांधून फोटोला बसवलं, पेढा दिला, आणि आम्ही उतरल्यावर जे कुलूप लागलं ते लागलंच. चावी सरपंचाकडं. आत काय होतं ते सगळ्या गावाला माहीत. सरपंचाच्या मंडळाचे डीजेचे खोके, मांडवाच्या कनाती आणि ठिबकच्या नळ्या.

सरपंच म्हणजे माझ्या मित्राचा नातू. पायाला हात लावला, चहा सांगितला, आणि म्हणाला, "नाना, माझी काय ना न्हाई. पन ती इमारत ज्येष्ठांसाठीच हाय. डेपोच्या मानसाला देता येत न्हाई. योजनेचा नियम हाय."

सुभेदार आप्पांनी मिशीवरनं हात फिरवला. "डीजे किती वर्साचा झाला रं? ज्येष्ठ झाला का?"

"आप्पा, ते तात्पुरतं ठेवलंय."

"मग आमाला बी तात्पुरतं ठेव."

"ग्रामसभेत विषय घेऊ. पुढच्या."

बनाक्काही आमच्याबरोबर होती. ती उठली. "घ्या सभेत. तवर आमी इरंगुळा करतो."

आम्हाला वाटलं बोलून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्का आपली सगळी मेंढरं घेऊन विरंगुळा केंद्राच्या ओसरीवर. मेंढरं ओसरीवर बसवली आणि स्वतः पाटीखाली लोकर पिंजत बसली. गोरडमाळच्या आणखी बाया आल्या. आम्ही पुरुष पायऱ्यांवर. मेंढीबैठक शेताला चांगली, लेंड्यांचं खत होतं, लोक दाम देऊन बसवून घेतात. ओसरीच्या फरशीला मात्र ती तेवढी मानवत नाही. आणि सरपंचाचं घर बरोबर समोर, वाऱ्याच्या दिशेला.

सरपंच आला. "आक्का, हे काय?"

"ज्येष्ठ हाय मी. माज्या मेंढरात दोन ज्येष्ठ हायेत. नियमात बसतंय."

दुपारपर्यंत सरपंचाच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या. तिसऱ्या प्रहरी त्याची बायको स्वतः बाहेर आली, नाकाला पदर लावून, आणि चावी आक्काच्या हातात ठेवली. "आवं आत्ती, घ्या. पन आदी ही जनावरं हलवा." डीजे सरपंचाच्या गोठ्यात गेला. ग्रामसभेनं ठराव नंतर केला. असा ठराव नेहमी नंतरच होतो.

महिन्याभरात मुक्कामी गाडी आली. भाकरीची पाळी परत बसली, पहिली माझ्या घरची. सकाळी आक्का गाडीत चढायला आली तर तीच उंच पायरी. मी पाट मांडला. चढली, आधार कार्ड काढलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, राहू द्या." ती म्हणाली, "बघ म्हनते ना!" त्याला बघावं लागलं.

इथंच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले, परत तपासले. मग चिडूनच विचारलं, "आजी, इतके महिने कुठं होतात तुम्ही?"

"मी माळावरच हुती, बाई. गाडी कुटं हुती ते इचारा."

डावा डोळा गेला होता. पूर्ण. उजव्यात थोडी नजर होती. थेंब चुकले नाहीत आणि महिन्याचा दाब तपासणं चुकलं नाही तर ती राहील, असं बाई म्हणाल्या.

मला सांगा, हा डोळा कुणी घालवला? गाडी फुकट करणाऱ्यानं? त्यानं तर भलंच केलं. फेरी बंद करणाऱ्यानं? त्याच्याकडं गाड्या नव्हत्या. देवळाच्या विश्वस्तांनी? त्यांना फरशी स्वच्छ पाहिजे होती. शिट्टीवाल्यांना गावाचा बोर्ड राखायचा होता. सरपंचाला डीजे भिजू द्यायचा नव्हता. आणि मोटरसायकल दारात असलेली चाळीस-पन्नास घरं, त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं. सगळ्यांचं मिळून एका म्हातारीचा डोळा गेला, आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारायचा तर समोर कुणी उभंच राहत नाही. माझा जळफळाट होतो तो याचा. माणूस चोरी करून पळाला तर त्याच्या मागं धावता तरी येतं.

डोळ्याचं कळल्यावर बिरू कोईमतूरहून आला तो आईची पिशवी भरायलाच लागला. आक्कानं भरू दिली. सकाळी त्याला हाताला धरून गाडीत घेऊन गेली. दिवसभर तो तिच्याबरोबर हिंडला. गाडीत तिला सहा जणींनी हाक मारली, दवाखान्यात रांगेतल्या बाईनं जागा दिली, बाजारात एकीनं शेळीचं दूध पाजलं. संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. पोरगा वाईट नाही.

"नाना, तितं मी आईला समदं देतो. पन हितं तिला जे मिळतंय ते मला तितं इकत बी मिळायचं न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"ऱ्हाऊंदे तिला. पन एक सांगतो. ज्या महिन्याला ही गाडी बंद हुईल, त्या महिन्याला मी येनार आन तिला नेनार. मग तुमी कुणी आडवं यायचं न्हाई. एकच डोळा उरलाय."

 बरोबर होतं त्याचंही.

गेल्या महिन्यात एक संध्याकाळ गाडी आली नाही. मी डेपोला फोन लावला. म्हणाले, मोठी सभा आहे, जिल्ह्यातल्या गाड्या माणसं न्यायला गेल्यात. दुसऱ्या संध्याकाळी पण नाही. आक्काची दाबाची तारीख त्याच आठवड्यात. ती दोन्ही दिवस लिंबाखाली बसून होती, थेंबांची बाटली मुठीत. तिसऱ्या दिवशी गाडी आली. ड्रायव्हरला मी गावाच्या वतीनं जे बोललो ते अंकात छापण्यासारखं नाही. तो म्हणाला, "नाना, मला कशाला? मी हुकमाचा बंदा."

घरी जाताना आक्का म्हणाली, "बिरूला सांगू नगंस हां."

मी नाही सांगितलं. पण अंकवाल्यांची मागणी आल्यावर तिच्याकडं जाऊन विचारलं, "आक्का, हे समदं लिवू का? छापून येनार हाय. डेपोवालं वाचतील. बिरू बी वाचंल."

ती थेंब घालून डोळा मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "लिव. वाचूंदे बिरूला बी. पन त्यो यायच्या आदी गाडी आली पायजे, येवडं लिव."

तेवढं लिहिलंय.